न बोलता सोसलेले दुखणे : स्तनभाराची शस्त्रक्रिया आणि आरोग्य विमा

आपल्या घरांमध्ये गुडघा दुखला तर अम्मी मोकळेपणाने सांगते. साखर वाढली तर भाभी शेजारणीलाही सांगते. पण छातीच्या भारामुळे मान, खांदे आणि पाठ वर्षानुवर्षे दुखत असली, तर ती गोष्ट बाई सख्ख्या बहिणीजवळही काढत नाही. डॉक्टरांकडे गेली तरी ‘पाठ दुखते’ एवढेच सांगते आणि गोळ्या घेऊन परत येते. बुरखा आणि ओढणी आकार झाकतात, वजन काही झाकत नाहीत. ते वजन रोज सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत खांद्यांवर असते.

स्तनांचा आकार व वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया भारतात गेली अनेक दशके होत आहे. मोठ्या शहरांतील सरकारी रुग्णालयांतही प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली म्हणजे संकोच. दुसरी म्हणजे खर्च. खासगी रुग्णालयात हा खर्च लाख-दोन लाखांच्या घरात सहज जातो आणि विमा कंपनीकडे कागद गेले की बहुतेक वेळा एकच शिक्का बसून परत येतात : ‘कॉस्मेटिक’. म्हणजे ही सौंदर्यासाठीची हौस आहे, आम्ही पैसे देणार नाही.

हा शिक्का प्रत्येक वेळी बरोबर असतोच असे नाही. नियम काय आहे, कागद कसे तयार करावेत आणि नकार आला तर कोणते दार ठोठवावे, हे वाचक भगिनींना आणि त्यांच्या घरच्या पुरुषांनाही माहीत असावे, यासाठी हा लेख.

हा आजार आहे, हौस नव्हे

वैद्यकशास्त्रात या स्थितीला स्तनांची अतिवाढ म्हणतात. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, म्हणजे ‘आयसीडी-१०’ मध्ये, तिला स्वतंत्र संकेतांक आहे : एन ६२. काही मुलींमध्ये वयात येतानाच ही वाढ झपाट्याने होते. काहींना गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर होते. काहींचे शरीर एकूणच जड असते आणि त्यात हा भार वाढतो. पण सडपातळ बाईलाही हा त्रास असू शकतो, हे लक्षात ठेवावे.

लक्षणे ओळखीची आहेत. मान आणि खांदे सतत आखडलेले, पाठीच्या वरच्या भागात दुखणे, डोकेदुखी, ब्रेसियरच्या पट्ट्यांनी खांद्यांवर पडलेल्या खोल खाचा, हातापायांपैकी विशेषतः हातांच्या बोटांना मुंग्या, पुढे झुकलेली चाल. स्तनांखालच्या घडीत घाम साचून चट्टे उठतात, खाज येते, कातडी सोलवटते आणि बुरशी होते. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत तर हा त्रास बारा महिने असतो. झोपताना कुशी बदलणे अवघड होते. रुकूत वाकताना आणि सजद्यातून उठताना मानेवर ताण येतो. चाळिशीतच खुर्चीवर बसून नमाज अदा करण्याची वेळ काही बायकांवर येते आणि घरच्यांना वाटते गुडघे गेले असतील.

आधी साधे उपाय करून पाहावेत, यात शंका नाही. योग्य मापाचे, रुंद पट्ट्यांचे अंतर्वस्त्र, फिजिओथेरपी, वजनावर ताबा, कातडीसाठी मलम. पण स्तनांची ऊती फार वाढलेली असेल तर वजन उतरवूनही फरक थोडाच पडतो आणि व्यायामही त्या भारामुळे जमत नाही. अशा वेळी शस्त्रक्रिया हा उपचार ठरतो.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते. जादा ऊती, चरबी आणि त्वचा काढून उरलेल्या स्तनाला आकार दिला जातो. दोन ते चार तास लागतात. रुग्णालयात एक-दोन दिवस मुक्काम असतो. काढलेली ऊती तपासणीला पाठवतात. जखमेच्या खुणा राहतात, स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते आणि पुढे मूल झाल्यास अंगावर पाजण्यात अडचण येऊ शकते. म्हणून ज्यांचे कुटुंब अजून पूर्ण व्हायचे आहे त्यांनी हा विचार आधी करावा.

शरीअतचा प्रश्न

अनेक बहिणींच्या मनात पहिला प्रश्न पैशांचा नसतो, तो असतो, ‘हे जायज आहे का? अल्लाहच्या निर्मितीत बदल केल्यासारखे तर होणार नाही ना?’

केवळ सौंदर्यासाठी शरीर बदलणे आणि आजार किंवा त्रास दूर करणे यांत उलेमांनी फरक केला आहे. हजरत अर्फजा बिन असद (रजि.) यांचा प्रसंग हदीसच्या ग्रंथांत आला आहे. लढाईत त्यांचे नाक कापले गेले. त्यांनी चांदीचे नाक बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवण्याची परवानगी दिली. एरवी पुरुषांना सोने मना आहे, तरी गरजेसाठी सवलत मिळाली. अलीकडच्या काळात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने २००७ साली मलेशियातील पुत्रजया येथील अधिवेशनात प्लास्टिक सर्जरीबाबत ठराव केला. शारीरिक किंवा मानसिक त्रास देणारा दोष दूर करण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया अटींसह जायज, आणि निव्वळ हौसेसाठी केलेली नाही, असा त्याचा आशय आहे. आपल्या बाबतीत काय लागू होते हे आपल्या विश्वासातील आलिमांना पूर्ण वैद्यकीय परिस्थिती सांगून विचारावे.

गंमत अशी की विमा कंपनीचा नियमही नेमकी हीच रेषा ओढतो : उपचार एकीकडे, सजावट दुसरीकडे. आपले काम एवढेच, की आपण रेषेच्या कोणत्या बाजूला आहोत हे कागदावर दाखवून द्यायचे.

विम्याबाबतही उलेमांमध्ये मतभेद आहेत, हे येथे नमूद करायला हवे. तो वेगळा विषय आहे. पण नोकरीच्या ठिकाणची गट पॉलिसी अनेक घरांत आपोआप येते, पगाराबरोबर मिळते. ती असूनही आपला हक्क काय, हे माहीत नसल्यामुळे सोडून देणे शहाणपणाचे नाही.

पॉलिसीत काय लिहिलेले असते

भारतातील विमा व्यवसायावर विमा नियामक व विकास प्राधिकरणाचे, म्हणजे आयआरडीएआयचे नियंत्रण असते. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या शब्दांत ‘आम्ही कशाचे पैसे देणार नाही’ ते लिहीत असे. सप्टेंबर २०१९ मध्ये प्राधिकरणाने या वगळलेल्या बाबींची भाषा सगळ्यांसाठी एकसारखी केली आणि प्रत्येकीला संकेतांक दिला. त्यात संकेतांक ०८ कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीचा आहे. आपली पॉलिसी काढा आणि हा संकेतांक शोधा.

त्याचा आशय असा : रूप बदलण्यासाठी केलेल्या कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीचा खर्च मिळणार नाही. मात्र अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतर केलेली पुनर्रचना याला अपवाद आहे. आणि रुग्णाच्या प्रकृतीला असलेला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचाराचा भाग म्हणून केलेली शस्त्रक्रियाही अपवाद आहे. ही आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित केलेली असली पाहिजे.

कंपनीचे पत्र बहुतेक वेळा या कलमाचे पहिले वाक्य दाखवते. आपला दावा उभा राहतो तो नंतरच्या वाक्यांवर. मात्र ‘थेट व तातडीचा धोका’ हे शब्द कडक आहेत, हेही समजून घ्यावे. नुसते ‘पाठ दुखते’ म्हणून भागत नाही. वारंवार होणारा जंतुसंसर्ग, सोलवटलेली कातडी, मज्जातंतूंवरचा दाब, मानेच्या मणक्यांतील बदल, औषधे व व्यायाम करूनही न थांबलेला त्रास अशा गोष्टी नोंदींसह मांडाव्या लागतात. पॉलिसीत ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार’ या शब्दांची व्याख्याही दिलेली असते. आजाराच्या उपचारासाठी लागणारा, डॉक्टरांनी लिहून दिलेला, गरजेपेक्षा जास्त नसलेला आणि वैद्यकीय क्षेत्रात मान्य असलेला उपचार, असे तिचे स्वरूप आहे. आपल्या अर्जात या व्याख्येचा आधार घ्यावा.

कर्करोगामुळे एक स्तन काढावा लागलेल्या किंवा त्याची पुनर्रचना झालेल्या बहिणींची गोष्ट थोडी वेगळी आहे. दुसऱ्या बाजूचा भार कमी करून दोन्ही बाजू सारख्या करण्याची शस्त्रक्रिया सुचवली गेली, तर कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेचा अपवाद त्याच कलमात आहे. ही शस्त्रक्रिया पुनर्रचनेचाच भाग आहे, असे सर्जनकडून स्पष्ट लिहून घ्यावे.

नकाराची इतर कारणे

‘कॉस्मेटिक’ सोडून आणखी तीन कारणे पुढे येतात.

पहिले, आधीपासूनचा आजार. पॉलिसी घेण्यापूर्वी त्रास असेल तर प्रतीक्षा कालावधी लागतो. १ एप्रिल २०२४ पासून नव्या नियमांत तो जास्तीत जास्त ३६ महिने केला आहे, पूर्वी ४८ होता. नोकरीच्या गट पॉलिसीत ही अट बऱ्याचदा माफ असते. म्हणून घरात शौहरची किंवा मुलाची कंपनीची पॉलिसी असेल तर आधी ती वाचावी.

दुसरे, माहिती लपवल्याचा आरोप. प्रस्ताव अर्जात जुना त्रास लिहिला नव्हता, असे कंपनी म्हणते. सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय या कारणावर दावा नाकारता येत नाही. मात्र यामुळे संकेतांक ०८ सारखी कायमची वगळणूक रद्द होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

तिसरे, लठ्ठपणा. वजन कमी करण्याच्या उपचारांसाठी वेगळा संकेतांक, ०६, आहे. बीएमआय जास्त असलेल्या बाईचे कागद कधी कधी त्या खान्यात टाकले जातात. ही वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया नाही, निदान एन ६२ आहे, हे सर्जनने लिहावे.

फाईल कशी तयार करावी

दावा जिंकायचा असेल तर तयारी शस्त्रक्रियेच्या आधी सहा महिने ते वर्षभर सुरू झाली पाहिजे. एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे कागद लावत जावेत.

१. फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. प्रत्येक भेटीत खरे कारण सांगा आणि ते लिहून घ्या. ‘पाठदुखी’ एवढेच लिहिलेले असेल तर पुढे त्याचा उपयोग होत नाही. ‘स्तनांच्या भारामुळे मान व पाठदुखी, इतक्या वर्षांपासून’ असे हवे.

२. हाडांच्या डॉक्टरांचा अभिप्राय, मानेचा एक्स-रे किंवा सांगितला असल्यास एमआरआय.

३. फिजिओथेरपीची नोंद : किती आठवडे, कोणते व्यायाम, काय फरक पडला.

४. त्वचारोग तज्ज्ञांच्या चिठ्ठ्या. स्तनांखालचे चट्टे किती वेळा आले, कोणती मलमे लावली, पुन्हा केव्हा उद्भवले. दाव्यात हा कागद फार मोलाचा ठरतो, कारण जंतुसंसर्ग हा डोळ्यांनी दिसणारा आजार आहे.

५. वजन आणि उंचीची नोंद. वजन कमी करण्याचा प्रयत्न केला असेल तर त्याच्याही तारखा.

६. वयाप्रमाणे मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफीचा अहवाल.

७. प्लास्टिक सर्जनचे सविस्तर पत्र. सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच. त्यात निदान व संकेतांक, लक्षणे व त्यांचा काळ, आधी केलेले उपचार व ते का अपुरे पडले, शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल, प्रत्येक बाजूने अंदाजे किती ग्रॅम ऊती काढावी लागेल आणि ही शस्त्रक्रिया रूपासाठी नसून वैद्यकीय गरजेची आहे असे प्रमाणपत्र, एवढे सगळे यावे.

ग्रॅमचा मुद्दा अमेरिकेतून आला आहे. १९९१ साली पॉल श्नूर या प्लास्टिक सर्जनने शरीराच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ आणि काढलेल्या ऊतीचे वजन यांचे कोष्टक मांडले. तिथल्या अनेक विमा कंपन्या आजही ते वापरतात. काही कंपन्या सरसकट प्रत्येक बाजूस ५०० ग्रॅमची अट घालतात. उदाहरणार्थ, १५५ सेंटिमीटर उंच आणि ६७ किलो वजनाच्या बाईचे पृष्ठभाग क्षेत्रफळ सुमारे १.७० चौरस मीटर येते आणि कोष्टकाप्रमाणे प्रत्येक बाजूस ३७० ग्रॅमच्या वर ऊती निघाली तर कारण वैद्यकीय मानले जाते. भारतात हे कोष्टक म्हणजे नियम नाही. पण सर्जनच्या पत्रात त्याचा उल्लेख असेल तर ‘मोजमाप काय?’ या प्रश्नाला उत्तर तयार राहते. शस्त्रक्रियेनंतर काढलेल्या ऊतीचे प्रत्यक्ष वजन ऑपरेशन नोटमध्ये आणि तपासणी अहवालात आले आहे ना, हे जरूर पाहावे.

एक अनुभव

माझी मामेबहीण शिक्षिका आहे. वय एकेचाळीस, तीन मुले. दहा वर्षे मानेचा पट्टा लावून वर्गात उभी राहिली. शौहरच्या कंपनीची गट पॉलिसी होती. सर्जन बाईंनी पहिल्या अर्जात फक्त ‘ब्रेस्ट रिडक्शन’ असे दोन शब्द लिहिले. दुसऱ्याच दिवशी कॅशलेस नाकारल्याचा संदेश आला : कॉस्मेटिक.

तिने शस्त्रक्रिया पुढे ढकलली आणि कागद जमवायला बसली. त्वचारोग तज्ज्ञांच्या तीन वर्षांच्या चिठ्ठ्या एका डब्यात मिळाल्या, फिजिओथेरपी सेंटरने जुन्या नोंदी काढून दिल्या. सर्जन बाईंनी दोन पानी पत्र लिहिले. दुसऱ्यांदाही कॅशलेस नाकारले गेले. मग घरच्यांनी निर्णय घेतला, तिने दोन बांगड्या मोडल्या, शस्त्रक्रिया झाली आणि बिलाच्या परताव्यासाठी दावा लावला. तोही फेटाळला गेला. कंपनीच्या तक्रार विभागाने तेच उत्तर दिले. शेवटी ती विमा लोकपालांकडे गेली. सुनावणीत कंपनीच्या प्रतिनिधीने कलमाचे पहिले वाक्य वाचले. तिने उरलेले कलम वाचून दाखवले आणि एकेक तारीख सांगितली. निकाल तिच्या बाजूने लागला. खोलीच्या भाड्याची मर्यादा ओलांडल्यामुळे काही रक्कम कापली गेली, बाकीची मिळाली. पहिल्या अर्जापासून पैसे हातात येईपर्यंत अकरा महिने गेले.

तिचे म्हणणे असे की निकालाच्या दिवशी तिला पैशांचा आनंद झालाच, पण ‘ही हौस नव्हती’ असे कुणीतरी कागदावर लिहून दिले, याचा जास्त झाला. प्रत्येकीच्या बाबतीत असेच होईल असे नाही. कागद कमी पडले, तर लोकपालही दावा फेटाळू शकतात.

खोलीच्या भाड्याचा धडा मात्र सगळ्यांसाठी आहे. पॉलिसीत ठरलेल्या मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली तर फक्त भाड्याचाच फरक नव्हे, तर डॉक्टरांची फी वगैरे इतर खर्चही त्या प्रमाणात कापले जाऊ शकतात. दाखल होण्यापूर्वीच मर्यादा विचारून घ्यावी.

फोटो, तपासणी आणि हया

कंपनी किंवा टीपीए कधी कधी फोटो मागते. इथे अनेक भगिनी मागे फिरतात आणि दावाच सोडून देतात. याची गरज नाही. आधी लेखी विचारावे की सर्जनने मोजमापांसह दिलेले प्रमाणपत्र पुरेल का. तरीही फोटो लागतच असतील तर ते रुग्णालयातच, महिला कर्मचाऱ्याकडून, चेहरा न येता काढले जावेत आणि रुग्णालयाच्या विमा विभागामार्फतच जावेत. एजंटच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या व्हॉट्सअॅपवर असे फोटो कधीही पाठवू नयेत. स्वतःच्या किंवा शौहरच्या मोबाईलवरही ते ठेवू नयेत.

महिला प्लास्टिक सर्जन मिळत असेल तर उत्तमच. नसेल तर केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने स्वीकारलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत हे स्पष्ट आहे की पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाची तपासणी करत असताना दुसरी स्त्री हजर असावी. हा आपला हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा आणि आपल्या कागदपत्रांच्या प्रती मिळण्याचा हक्कही त्याच सनदेत आहे. उपचारासाठी गरजेपुरते शरीर दाखवण्याची सवलत फिकहमध्ये मान्य आहे, हे आपल्या आयाबहिणींना समजावून सांगावे.

खोटा कागद नको

एखाद्या रुग्णालयात कुणीतरी हळूच सुचवते, ‘गाठ काढली असे लिहून टाकू, क्लेम लगेच पास होईल.’ या वाटेला जाऊ नये. खोटी साक्ष आणि फसवणूक आपल्या दीनमध्ये मोठा गुन्हा आहे, हे तर आहेच. व्यवहारातही हे महागात पडते. ऊती तपासणीच्या अहवालात गाठ नसते आणि फसवणूक उघड झाली की दावा जातो, पॉलिसी रद्द होते आणि घरातल्या इतरांचे संरक्षणही जाते. ज्या ६० महिन्यांच्या संरक्षणाचा वर उल्लेख केला, तेही फसवणुकीला लागू नाही. खरा आजार असताना खोट्या आजाराची गरज काय?

नकार आला तर

पहिली पायरी : नकार लेखी घ्यावा. फोनवरचे बोलणे किंवा रुग्णालयाच्या काउंटरवरचा तोंडी निरोप पुरेसा नाही. मे २०२४ च्या आयआरडीएआयच्या परिपत्रकानुसार दावा नाकारताना पॉलिसीतील नेमक्या कलमाचा हवाला देणे कंपनीला बंधनकारक आहे आणि कंपनीच्या समितीच्या मंजुरीशिवाय दावा फेटाळता येत नाही. कॅशलेसच्या अर्जावर तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यावा, असेही त्यात म्हटले आहे. कॅशलेस नाकारले म्हणजे दावा संपला असे नव्हे. बिल भरून नंतर परताव्याचा दावा करता येतो. त्यासाठी पॉलिसीत दिलेली मुदत पाळावी.

दुसरी पायरी : कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. ईमेल करावा, पोचपावती जपावी. पत्र रागाने लिहू नये. संकेतांक ०८ मधील अपवादाचे शब्द, सर्जनचे प्रमाणपत्र आणि कागदांची तारीखवार यादी एवढेच मांडावे. गट पॉलिसी असेल तर कंपनीच्या एचआर विभागालाही कळवावे, त्यांचा शब्द विमा कंपनीकडे चालतो.

तिसरी पायरी : आयआरडीएआयचे ‘बीमा भरोसा’ पोर्टल. तेथे तक्रार नोंदवली की ती कंपनीकडे जाते आणि नियामकाचे तिच्यावर लक्ष राहते. १५५२५५ हा त्यांचा विनाशुल्क क्रमांक आहे.

चौथी पायरी : विमा लोकपाल. कंपनीने तक्रार फेटाळली, समाधानकारक उत्तर दिले नाही किंवा एक महिना उत्तरच दिले नाही तर त्यांच्याकडे जाता येते. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जावे. फी नाही, वकील लागत नाही. अर्ज ऑनलाइनही करता येतो. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्यात कार्यालये आहेत. गट पॉलिसीतील सभासदांनाही हे दार उघडे आहे. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. आपल्याला तो मान्य नसेल तर पुढचा मार्ग मोकळा राहतो.

पाचवी पायरी : जिल्हा ग्राहक आयोग. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणात फी नाही. मात्र ग्राहक आयोगात प्रकरण चालू असताना तेच प्रकरण लोकपाल घेत नाहीत. म्हणून आधी लोकपाल, मग आयोग, हा क्रम सोयीचा.

विमाच नसेल तर

ज्यांच्याकडे पॉलिसी नाही त्यांनी निराश होऊ नये. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि जे. जे., पुण्यात ससून येथे प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत आणि खर्च खासगी रुग्णालयाच्या मानाने फारच कमी असतो. तारीख मिळायला वेळ लागतो, पण मिळते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक उपचारांचीच यादी असते. आपले निदान त्या यादीत बसते का, हे योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारावे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड तयार ठेवावे. तिथेही डॉक्टरांचे तेच पत्र कामी येते.

शस्त्रक्रियेआधी आणि नंतर

तंबाखू आणि मिश्री किमान महिनाभर आधी पूर्ण बंद करावी. निकोटिनमुळे रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरत नाही आणि टाके उकलतात. साखर आणि रक्तदाब ताब्यात हवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सर्जनला सांगावे. नंतर काही आठवडे जड बादली, गॅस सिलिंडर किंवा मूल उचलू नये, हात उंचावून कपडे वाळत घालू नयेत. म्हणजे घरात दुसऱ्या हाताची सोय आधी लावावी लागते. जखम ओली करता येत नसेल त्या दिवसांत वुजू, गुस्ल आणि नमाजच्या सवलती काय आहेत, हे आलिमांना आधीच विचारून ठेवले तर मनाची चलबिचल होत नाही.

शेवटी घरच्या पुरुषांसाठी दोन शब्द. भाऊ, शौहर, मुलगा यांनी ‘आता या वयात कशाला?’ असे म्हणण्याआधी एकदा तिच्या खांद्यांवरच्या खाचा आठवाव्यात. पॉलिसीचे कागद बऱ्याचदा तुमच्या नावावर असतात, ईमेल तुमच्याकडे येतात, कंपनीचा फोन तुम्हीच उचलता. ही लढाई तिने एकटीने लढायची नाही. आणि आपांनो, तुमच्या वयात येणाऱ्या मुलीची पाठ दुखत असेल, ती पोक काढून चालत असेल, तर तिला ‘सरळ चाल’ म्हणून दटावण्याआधी जवळ बसवून विचारा. प्रत्येक दुखण्यावर इलाज शोधण्याची शिकवण आपल्याला मिळाली आहे. शिफा देणारा अल्लाह आहे. प्रयत्न, आणि त्यासाठी लागणारे कागद, आपल्या हाती आहेत.